दिवा लागतो, तरीही जोडणी चुकलेली असते

नळाचे काम चुकले तर पाणी गळू लागते आणि चूक तिथल्या तिथे दिसते. दाराची बिजागरी वाकडी बसली तर दार अडते. विजेच्या कामात मात्र चुकीची जोडणीही बहुतेक वेळा बिनतक्रार चालते. बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो आणि काम करणाऱ्याला वाटते की आपल्याला जमले. फेज (वीज घेऊन येणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) यांची अदलाबदल झालेली असो, अर्थिंगची, म्हणजे जमिनीशी जोडणारी, तार जोडायची राहून गेलेली असो, स्क्रू अर्धवट आवळलेला असो किंवा गरजेपेक्षा बारीक वायर घातलेली असो, त्या दिवशी काहीच होत नाही. ती चूक पुढे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, स्विचबोर्डच्या मागे पडून राहते आणि उघडकीस येते तेव्हा ती करणारा समोर असतोच असे नाही. स्टुलावर चढून बल्ब बदलणारा घरातला दुसराच कोणी असतो.

हे मी अनुभवाने सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी पलंगाशेजारच्या भिंतीवर वाचनासाठी एक दिवा बसवला होता. जवळच्या सॉकेटमधून दोन तारा काढल्या, त्यांपैकी एकीवर बटण घातले आणि दुसरी सरळ होल्डरला नेली. दोन्ही तारा एकाच रंगाच्या होत्या आणि कोणती कोणती हे पाहण्याची गरज मला वाटली नाही, कारण दिवा पहिल्याच खेपेला लागला. चार वर्षांनी होल्डर सैल झाला म्हणून बटण बंद करून तो उघडला, आणि बोट आतल्या पितळी पट्टीला लागताच असा झटका बसला की हात मागे जाऊन पलंगाच्या कडेवर आपटला. बटण न्यूट्रलच्या तारेवर बसले होते. ते बंद केले की दिवा विझत असे, पण फेज होल्डरपर्यंत तसाच येऊन थांबलेला असे. म्हणजे चार वर्षे मी रोज रात्री दिवा तेवढा बंद करत होतो. होल्डरमधली वीज रात्रंदिवस चालूच होती.

हा लेख वाचून कोणी वायरमन होणार नाही आणि तसा त्याचा हेतूही नाही. ज्यांना घरातली लहानसहान कामे स्वतः करायची आहेत, किंवा पूर्वी कोणीतरी करून ठेवलेल्या कामांवर एकदा नजर टाकायची आहे, त्यांनी काय पाहावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे हात मागे घ्यावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

एमसीबी आहे, मग भीती कशाची?

एमसीबी म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारी बोर्डावरची कळ. वरचा प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेला आहे आणि त्यामागचा गैरसमज आकड्यांनीच दूर होतो. शरीरातून साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह गेला तर मुंग्या आल्यासारखे जाणवते. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली तार सोडावी म्हटले तरी सुटत नाही. ३० मिलिअँपिअरच्या वर गेलेला प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होण्याचा धोका असतो. आता घरातला दाब २३० व्होल्ट आणि एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत शरीराचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो. ओल्या हातांनी तो आणखी वाढतो. उलट दिव्यांच्या सर्किटवरची ६ अँपिअरची एमसीबी ६००० मिलिअँपिअरपर्यंत हूं की चूं करत नाही. माणसाला मारून टाकणारा प्रवाह तिच्या हिशेबी एखाद्या लहान दिव्याइतका आहे. एमसीबी आणि फ्यूज भिंतीतल्या वायरीला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतात, आणि त्याही कामात त्यांना वेळ लागतो: घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिच्या क्षमतेच्या १.४५ पट प्रवाह वाहत असताना ती बंद होण्यास एक तासापर्यंत अवधी घेऊ शकते. म्हणजे १६ अँपिअरची एमसीबी सुमारे २३ अँपिअर प्रवाह जवळजवळ तासभर खपवून घेऊ शकते.

माणसासाठी असलेले उपकरण वेगळे आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो आहे की नाही हे आरसीसीबी सतत पाहत असते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर ३०० मिलिसेकंदांच्या आत, मोठा फरक पडला तर त्याहून बऱ्याच लवकर, वीज तोडते. हातातून तार सुटेनाशी होते ती मर्यादा प्रयोगांनी मोजणारे अमेरिकन प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनीच १९६१ मध्ये याच तत्त्वावरचे घरगुती संरक्षक उपकरण तयार केले होते. घरात आरसीसीबी नसेल तर या लेखातले दुसरे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी ती जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावी. असेल तर तिच्यावरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून ती पडते का ते पाहावे, कारण वर्षानुवर्षे न हललेली यंत्रणा ऐन वेळी अडकून बसू शकते.

आरसीसीबीलाही फसवता येते, हे मात्र लक्षात असू द्यावे. कोरड्या लाकडी स्टुलावर उभा राहून कोणी एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर गेलेला सगळा प्रवाह त्याच्या छातीतून न्यूट्रलमार्गे परत येतो, फरक काहीच पडत नाही आणि आरसीसीबीच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे आणखी एक बल्ब ठरतो. म्हणून उपकरणांच्या भरवशावर चालू सर्किटमध्ये हात घालणे हा मार्गच नाही. चालू लाईनवर काम करण्याची गरज पडावी असे एकही काम घरात नसते.

वीज खरोखर बंद करण्याची रीत

भिंतीवरचे बटण बंद करणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे, हे वरच्या किश्श्यावरून दिसलेच. काम ज्या सर्किटवर करायचे त्याची एमसीबी पाडावी, आणि एमसीबीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. ती चिठ्ठी ज्याने लावली त्यानंतर दोन जणांनी तारा इकडच्या तिकडे केलेल्या असतात. शंका असेल तर सरळ मेन स्विच बंद करावा. मेन बंद केल्यावर अंधारात काम करावे लागते म्हणून लोक टाळाटाळ करतात, पण चार्जिंगचा दिवा त्यासाठीच असतो. आणखी एक गोष्ट: एकाच स्विचबोर्डात दोन वेगवेगळ्या सर्किटांच्या तारा आलेल्या असू शकतात, त्यामुळे आपण हाताळणार असलेले बटण मेलेले असले तरी त्याच्या शेजारचे जिवंत असू शकते.

घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करणे पुरेसे नाही, कारण मेन बंद होताच इन्व्हर्टर त्याला ठरवून दिलेले काम करतो, म्हणजे वीज पुरवतो. त्याचे आऊटपुट वेगळे बंद करावे लागते. छतावर सौर पॅनल असतील तर ऊन पडते तोवर पॅनलपासून येणाऱ्या तारांत वीज असतेच, ती कोणत्याही बटणाने थांबत नाही, आणि एकापुढे एक जोडलेल्या पॅनलांचा एकत्रित दाब कित्येकशे व्होल्ट असू शकतो. त्या तारांना हौशी माणसाने हात लावू नये.

एमसीबी पाडल्यावर ती कोणी पुन्हा चालू करणार नाही याची तजवीज करावी. घरातल्या प्रत्येकाला तोंडी सांगावे, एमसीबीच्या दांडीवर चिकटपट्टी लावावी आणि त्यावर 'काम चालू आहे' असे लिहावे. जुन्या पद्धतीचा फ्यूज असेल तर त्याची कट-आऊटची वाटी काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. यापेक्षा साधे आणि यापेक्षा भरवशाचे कुलूप मला माहीत नाही. वरच्या मजल्यावर आपण होल्डर उघडून बसलो आहोत आणि खाली कोणीतरी 'अरे, एमसीबी कशी पडली' म्हणून ती वर करतो, हा प्रसंग दिसतो त्याहून फार जवळचा असतो.

यानंतर तपासणी. येथे आपल्या सगळ्यांचा आवडता टेस्टर आडवा येतो. त्याच्या आत निऑनचा एक चिमुकला दिवा आणि त्याच्यासोबत दहा लाख ओहमच्या आसपासचा रोधक असतो, आणि तो पेटतो तेव्हा प्रवाहाचा शेवटचा टप्पा आपल्या शरीरातून जमिनीत जात असतो. निऑन पेटायला साधारण ६० ते ९० व्होल्ट लागतात. पायात जाड रबरी तळ असेल, आपण लाकडी शिडीवर असू, उन्हाचा झोत बोर्डावर पडलेला असेल किंवा टेस्टरचा आतला स्प्रिंग सैल झाला असेल, तर फेज असूनही दिवा दिसत नाही. शिवाय फेज आहे की नाही एवढेच तो सांगतो. न्यूट्रल शाबूत आहे का, अर्थिंग खरोखर जमिनीशी जोडलेले आहे का, हे त्याला कळत नाही. न्यूट्रल वाटेत तुटलेला असला तर तो भलतेच दाखवतो: दिवा लागत नाही म्हणून आपण समजतो की वीज गेली, आणि टेस्टर लावला तर होल्डरच्या दोन्ही टोकांवर प्रकाश, कारण फेज बल्बच्या तारेतून पलीकडच्या टोकापर्यंत पोहोचलेला असतो. अशा वेळी 'दोन फेज आले' असा निष्कर्ष काढून तारा तोडजोड करणारे अनेक जण पाहण्यात आहेत.

त्याऐवजी दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा चांगल्या प्रतीचा मल्टिमीटर वापरावा, आणि त्याच्या पिनांचे आवरण तडकलेले नाही हे पाहावे. तपासणी तीन पायऱ्यांत होते आणि एकही गाळता येत नाही. आधी जिथे वीज नक्की आहे अशा सॉकेटवर मीटर लावून तो चालतो याची खात्री करावी. मग काम करायच्या जागी फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासाव्यात. शेवटी पुन्हा पहिल्या सॉकेटवर जाऊन मीटर अजून चालतो आहे ना हे पाहावे. मधल्या पायरीवर मीटरची बॅटरी संपली किंवा वायर सुटली तर तो शून्यच दाखवणार, आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून आपण हात घालणार. तिसरी पायरी तेवढ्यासाठी आहे.

रंगांविषयी

तारांच्या रंगांवरून फेज ओळखण्याची सवय घातक आहे. जुन्या ब्रिटिश वळणाच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ असे. हल्लीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ असतो. गंमत अशी की जुन्या पद्धतीत न्यूट्रल असलेला काळा रंग नव्या थ्री-फेज पद्धतीत एका फेजचा आहे, आणि जुन्या पद्धतीत एका फेजचा असलेला निळा रंग नव्यात न्यूट्रलचा. अमेरिकेत काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. एकाच घरात दोन काळांतले काम झाले असेल तर काळी तार पाहून काहीही ठरवता येत नाही, आणि पूर्वीच्या हौशी माणसाने हाताशी होता तो रंग वापरला असेल तर मुळीच नाही. हिरवी तार फेजसाठी वापरलेली मी स्वतः उघडून पाहिली आहे. रंग हा अंदाज, पुरावा मीटरचा.

स्क्रूखाली काय चालते

घरातल्या विजेच्या आगींचा विचार करताना लोकांच्या डोळ्यांसमोर शॉर्ट सर्किटचा भडका येतो. माझ्या मते हौशी कामातला खरा शत्रू सैल जोड आहे, कारण शॉर्ट सर्किट झाले तर एमसीबी ताबडतोब पडते, सैल जोडाची मात्र तिला खबरच लागत नाही.

कल्पना करा की गिझरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रलचा स्क्रू नीट आवळला गेलेला नाही आणि त्या जागी केवळ अर्धा ओहम रोध तयार झाला आहे. १० अँपिअर प्रवाह वाहत असताना तेथे फक्त ५ व्होल्ट खर्ची पडतात. गिझरला त्याचे काही वाटत नाही, पाणी तापते. पण ५ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे ५० वॉट उष्णता हरभऱ्याएवढ्या पितळी तुकड्यात, बंद डबीच्या आत, निर्माण होत असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातली साधी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॉटची असते. म्हणजे भिंतीत दोन इस्त्र्या लावून ठेवल्यासारखे झाले. साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. ते आधी मऊ होते, मग कडक आणि ठिसूळ होते, तांब्यावर काळपट थर चढतो, त्या थरामुळे रोध आणखी वाढतो, त्यामुळे उष्णता आणखी वाढते. एमसीबीला दिसतात ते १० अँपिअरच, आणि ती निवांत असते.

असे सॉकेट मी जपून ठेवले आहे. समोरून पाहिले तर न्यूट्रलच्या भोकाभोवती चहाच्या डागासारखे तपकिरी वर्तुळ आहे, एवढेच. मागून पाहिले तर प्लॅस्टिक स्क्रूच्या बाजूला ओघळून घट्ट झाले आहे आणि वायरीचे आवरण टोकापासून दोन बोटे अंतरापर्यंत करपून सोलले आहे. बोटाने दाबले की त्याचा चुरा होतो. ते बसवणाऱ्याने वायर सोलताना ब्लेडने तारेचे काही पदर तोडले होते आणि उरलेल्यांपैकी काही पदर स्क्रूखाली गेले होते, न गेलेले बाहेर पिसासारखे पसरले होते.

म्हणून जोड करताना घाई करू नये. वायर सोलण्यासाठी दात किंवा ब्लेड न वापरता सोलण्याची पक्कड वापरावी. टर्मिनलच्या भोकाच्या खोलीएवढेच आवरण काढावे, जास्त काढले तर उघडी तार बाहेर राहते, कमी काढले तर स्क्रू आवरणावर बसतो आणि दिवा कधी लागतो कधी नाही. अनेक पदरी तार असेल तर पदरांना पीळ द्यावा. भोक मोठे आणि तार बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करावे, किंवा अधिक चांगले म्हणजे पदरांवर फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, चढवून दाबावे. पदर एकत्र राहावेत म्हणून काही जण टोकाला सोल्डर लावतात. ते नीटनेटके दिसते, पण सोल्डर मऊ असल्यामुळे स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकते आणि कालांतराने जोड सैल होतो. स्क्रू आवळल्यावर तार हाताने ओढून पाहावी. ही ओढून पाहण्याची सवय एवढी क्षुल्लक वाटते की बहुतेक जण ती करत नाहीत, आणि माझ्या पाहण्यातले निम्मेअधिक सैल जोड एका ओढीने हाती आले असते.

दोन तारा पिळून त्यांवर टेप गुंडाळणे आणि तो जोड पाइपात किंवा प्लॅस्टरखाली ढकलणे, हे तर करूच नये. टेपचा गोंद उष्णतेने सुटतो. जोड हवाच असेल तर योग्य क्षमतेचा कनेक्टर वापरून तो उघडता येईल अशा डबीत ठेवावा. जुन्या वायरिंगमध्ये अॅल्युमिनिअमची तार आढळली तर तिला तांब्याची तार थेट पिळू नये. अॅल्युमिनिअमवर रोधक थर चढतो, दाबाखाली ते पसरते आणि दोन धातूंच्या सांध्याला गंज धरतो. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षे घरांत अॅल्युमिनिअमच्या तारा घातल्या गेल्या आणि त्यांच्या सांध्यांशी लागलेल्या आगींमुळे ती पद्धत सोडून द्यावी लागली. असे वायरिंग दिसले की काम तिथेच थांबवावे.

वायर, फ्यूज आणि वारंवार पडणारी एमसीबी

वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, आणि दिव्यांसाठी घातलेली १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची वायर तासन् तास तेवढे ओझे वाहण्यासाठी घातलेली नसते. नवे जड उपकरण आणले की जवळ दिसेल त्या सॉकेटमधून लाईन काढण्याचा मोह होतो; तो आवरावा, कारण अशा उपकरणाला मुख्य बोर्डापासून वेगळी वायर आणि वेगळी एमसीबी लागते.

एमसीबी पुन्हा पुन्हा पडते म्हणून १६ची काढून ३२ची बसवणे ही हौशी कामातली सर्वांत वाईट 'दुरुस्ती' आहे, आणि फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी जाड तांब्याची तार घालणे हे तिचेच जुने रूप. दोन्हींत उपकरण चालू लागते, घरच्यांचे समाधान होते, आणि यापुढे वितळण्याची पाळी फ्यूजवरून भिंतीतल्या वायरीवर येते. आरसीसीबी पडत असेल तर तिला वगळून तारा थेट जोडणे हाही त्याच जातीचा प्रकार. ती पडते याचा अर्थ कोठेतरी प्रवाह नको त्या वाटेने जातो आहे. एकेक उपकरण काढत जाऊन ती वाट शोधावी. एक्स्टेन्शनच्या रिळावर जड उपकरण लावायचे असेल तर वायर पूर्ण उलगडावी, गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतल्या आत कोंडते.

तिसरी तार

अर्थिंगच्या तारेत एरवी काहीच वाहत नाही, ती तोडून टाकली तरी सगळे चालते, आणि म्हणूनच ती सर्वांत आधी गाळली जाते. तिचे काम एकाच प्रसंगापुरते आहे: यंत्राच्या आत फेजची तार सुटून धातूच्या अंगाला लागली, तर प्रवाहाला माणसाऐवजी सोपी वाट मिळावी आणि संरक्षक उपकरण पडावे. गोल पिनांच्या तीनपिनी प्लगची अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते, ती यासाठी की प्लग घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा. ती पिन तोडून प्लग दोन भोकांच्या सॉकेटात बसवणे म्हणजे एवढा विचार एका हातोड्याने मोडणे. ज्या उपकरणावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते त्याला दुहेरी इन्सुलेशन असते आणि अर्थची गरज नसते. बाकी धातूच्या अंगाच्या प्रत्येक उपकरणाला असते.

अर्थची तार उपलब्ध नाही म्हणून सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये तारेचा छोटा तुकडा जोडण्याची युक्ती काही जण अभिमानाने सांगतात. तपासणारा सॉकेट-टेस्टर त्यावर 'सर्व ठीक' असे दाखवतोही. पण मागे कोठेतरी न्यूट्रल सैल होऊन तुटला की काय होते ते पाहा. फेज यंत्रातून पलीकडे न्यूट्रलच्या पिनेपर्यंत येतो, तेथून त्या तुकड्यातून अर्थच्या पिनेवर आणि तेथून सरळ यंत्राच्या पत्र्यावर. यंत्रात काही बिघाड नसताना त्याचे दार, झाकण, मूठ सगळे जिवंत होते. ज्या तारेवर जिवाचे रक्षण सोपवलेले असते तीच तार फेज अंगापर्यंत आणून देते. म्हणून फ्रिजला किंवा धुलाई यंत्राला हात लावताच मुंग्या येत असतील तर चपला घालून वापरणे हा उपाय नाही. प्लग काढून ठेवावा आणि अर्थिंग मोजून घ्यावे. पाण्याच्या नळाला अर्थ जोडणे हेही असेच: वाटेत एक प्लॅस्टिकचा तुकडा आला की जमिनीशी संबंध संपतो आणि बिघाडाची वीज नळाच्या तोटीवर येते.

कोठे थांबावे

वीज वरील रीतीने बंद करून आणि तपासून प्लग बदलणे, होल्डर बदलणे, त्याच क्षमतेचे बटण किंवा सॉकेट जुन्याच्या जागी बसवणे, एवढी कामे सावध माणसाला जमण्यासारखी आहेत. उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा, प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी लावावी, आणि एका वेळी एकच तार सोडून नव्या बटणाला जोडावी. अनेक देशांत याहून पुढचे काम परवान्याशिवाय करण्यास कायद्याने मनाई आहे, तेव्हा आपल्याकडचा नियमही पाहून घ्यावा.

मुख्य वितरण बोर्ड, मीटरकडची बाजू, नवे सर्किट, न्हाणीघरातली कोणतीही जोडणी आणि इन्व्हर्टर किंवा जनरेटरचा बदल यांना हात लावू नये. जनरेटरची वीज दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरीने घरातल्या सॉकेटमध्ये घालणारे लोक आहेत. त्या वायरीच्या सुटलेल्या टोकाच्या उघड्या पिना तर जिवंत असतातच, शिवाय मेन बंद करायचा राहिला तर ती वीज बाहेर जाते, परिसरातला ट्रान्सफॉर्मर तिला उलट दिशेने हजारो व्होल्टवर चढवतो आणि लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या माणसापर्यंत पोहोचवतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही उघडू नये, त्यातला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) दोन हजार व्होल्टच्या आसपास काम करतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. छताच्या पंख्याचा कपॅसिटर लहान असतो, पण अचानक बसलेला त्याचा झटका माणसाला शिडीवरून खाली पाडायला पुरेसा आहे. शिडी अॅल्युमिनिअमची नसावी हे ओघाने आलेच. भिंतीला भोक पाडताना बटणाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच रेषेत आडव्या जागा टाळाव्यात, कारण बहुधा वायरीचे पाइप त्याच वाटांनी गेलेले असतात.

एकट्याने घरात कोणी नसताना काम करू नये. आणि सोबतच्या माणसाला आधीच सांगून ठेवावे की मला शॉक बसून मी चिकटलो तर मला हात लावू नकोस, आधी मेन बंद कर. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा खुर्चीने तार दूर सारावी. माणूस श्वास घेत नसेल आणि प्रतिसाद देत नसेल तर तातडीच्या मदतीला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबण्यास सुरुवात करावी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. जो उठून बसला आणि 'काही झाले नाही' म्हणतो त्यालाही डॉक्टरांकडे न्यावे, कारण त्वचेवर दिसणारा लहानसा चट्टा आतल्या भाजण्याचा अंदाज देत नाही आणि हृदयाची लय तपासावी लागते. बोर्ड पेटला तर त्यावर पाणी मारू नये; मेन बंद करून कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडरचे अग्निशामक वापरावे आणि आग आवाक्याबाहेर दिसली तर बाहेर पडावे.

काम व्यवस्थित झाले असेल, तर वीज चालू केल्यावर उपकरण अर्धा तास पूर्ण भाराने चालवावे, मग बंद करून प्लग बाहेर काढावा आणि त्याच्या पिनांजवळचा भाग बोटाने चाचपून पाहावा. कोमट असला तर चालेल. बोट ठेववत नसेल तर मेन बंद करून पुन्हा उघडावे आणि स्क्रूपासून सुरुवात करावी. बटण बंद ठेवून होल्डरवर मीटर लावावा आणि फेज खरोखर तुटतो आहे ना हे पाहावे. माझ्या त्या वाचनाच्या दिव्याला ही चाचणी अर्ध्या मिनिटात पकडू शकली असती. शेवटी एका कागदावर तारीख, कोणती तार कोठे जोडली, कोणत्या रंगाची तार कशासाठी वापरली आणि काय करायचे राहिले आहे हे लिहून तो कागद मुख्य बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा, म्हणजे पुढे ते दार उघडणाऱ्याला तुम्ही काय केले याचा अंदाज बांधत बसावे लागणार नाही.